फक्त गप्पा मारायला या

—राहू द्या हो मॅडम, नाही म्हणू नका. मी ओळखलं. तुम्ही आत आलात, काउंटरवरच्या त्या मुलीशी हळू आवाजात काहीतरी बोललात, आणि एवढ्या खुर्च्या मोकळ्या असताना नेमक्या माझ्या शेजारी येऊन बसलात, तेव्हाच ओळखलं. तुम्ही कंपनीच्या. उमेदवारांत आपला एक माणूस सोडून द्यायचा, आणि मग कोण पाय हलवतं, कोण जांभई देतं, कोण पाणी आणून देणाऱ्याला थँक्यू म्हणतं, ते सगळं त्यानं आत जाऊन सांगायचं — असतं असं. माझ्या साडूनं सांगितलंय मला. त्याला स्वतःला जन्मात कधी मुलाखत द्यावी लागली नाही, तो सासऱ्यांच्या दुकानात बसला — म्हणजे माझ्याही सासऱ्यांच्याच, पण ते जाऊ द्या — तर मुलाखतींबद्दल त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. तो म्हणाला, भावजी, मुलाखत ही आतल्या खोलीत होत नसते, बाहेरच्या खोलीत होते. आतमध्ये नुसती सही. म्हणून तर मी आल्यापासून बघा कसा बसलोय. पाठ सरळ. अर्ध्या तासात एकदाही टेकलो नाही. ती समोरची तसबीर वाकडी होती, ती सरळ केली — म्हटलं, परीक्षा असणार. जमिनीवर पेन पडलं होतं, ते काउंटरवर नेऊन दिलं — तीही परीक्षा. आणि ते कोपऱ्यातलं झाड सुकल्यासारखं दिसलं, त्याला माझ्या बाटलीतलं पाणी घातलं. ते प्लास्टिकचं निघालं. आता ते पाणी खालून गालिच्यात शिरलंय, तुम्ही पाय जरा इकडे घ्या. झाडाचं मात्र तुम्ही आत सांगू नका. किंवा सांगा. पुढाकार घेतो म्हणून सांगा.

नाही? बरं, नाही तर नाही. मी कंपनीचा असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं. तुमच्या ट्रेनिंगमध्येच असेल ते.

ही माझी पाचवी फेरी. हो, पाचवी! हसू नका. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो होतो, तर एकाच फेरीत आटपलं होतं, आणि तिथं जन्माचा प्रश्न होता. इथं काय, वॉशिंग मशीन बिघडलं म्हणून लोक फोन करतात, त्यांच्याशी बोलणाऱ्या पोरापोरींवर देखरेख करायची. बस्. आणि हे काम मी आयुष्यभर केलंय, मॅडम. आधीच्या कंपनीत तक्रारींचा विभाग म्हणजे मी. लोक म्हणायचे, याच्याकडे भांडायला गेलो आणि वेळ कसा गेला कळलंच नाही. एक काका होते, त्यांचा फोन — काय ओरडत होते! मशीन चालतंय म्हणाले. म्हटलं, अभिनंदन. म्हणाले, अहो चालतंय म्हणजे, पायांनी! कपडे पिळायला लागलं की न्हाणीघरातून निघतं, पॅसेजमधून जातं, आणि दाराशी येऊन उभं राहतं. एकदा तर म्हणे दार उघडं होतं, ते थेट समोरच्यांच्या घरात शिरलं, आणि समोरच्या काकूंनी त्यात आपलेही चार कपडे टाकले. आता हे शेवटचं काकांनी सांगितलं की मी नंतर जोडलं, ते मला आता आठवत नाही. पण चालत होतं हे शंभर टक्के खरं. कारण काय? तर कारखान्यातून मशीन पाठवताना आतला ड्रम हलू नये म्हणून मागच्या बाजूला चार लांब बोल्ट मारलेले असतात. घरी आणल्यावर ते काढायचे असतात. काढत कुणी नाही! मग ते बिचारं नाचत सुटतं. म्हटलं, काका, मागे जा, हात घाला, बोल्ट लागतात का बघा. काका मागे गेले. मग बारीक आवाज आला — आहेत हो. तेव्हापासून दर वाढदिवसाला मला फोन करायचे. त्यांच्या नाही, मशीनच्या.

मग तो विभागच बंद झाला. आता तिथं यंत्र बोलतं. बिघाडासाठी एक दाबा, भांडणासाठी दोन दाबा. माझ्या सगळ्या गुणांची बेरीज म्हणजे दोन नंबरचं बटण.

तर पहिली फेरी. या वयात मला घरीच संगणकासमोर बसवलं. समोर माणूसच नाही! पडद्यावर माझाच चेहरा, आणि खाली प्रश्न — तुमच्यातला सर्वांत मोठा दोष कोणता? आता स्वतःच्या तोंडाकडे बघत स्वतःचा दोष सांगायचा म्हणजे... म्हटलं, समोर दिसतोय तो. मग पडद्यावर आलं, कृपया हसा. मी हसलो. परत आलं, कृपया हसा. मॅडम, मी हसतच होतो! त्या यंत्राला माझं हसू कळेना. शेवटी आतून आमची बायको आली, कुणाचं काय दुखतंय ते बघायला.

दुसऱ्या फेरीत शरबताच्या नळ्या दिल्या. नळ्या आणि चिकटपट्टी. दहा जणांनी मिळून मनोरा बांधायचा. म्हणे तुम्ही संघात कसे वागता ते बघतो. बाकीची सगळी पोरं माझ्या मुलीच्या वयाची, मला काका काका करत होती, आणि काका, तुम्ही टेकू म्हणून उभे राहा म्हणाली. तर मी टेकू. मनोरा माझ्या खांद्याला टेकून उभा. आमच्या गटाचा सगळ्यांत उंच आला, कारण त्यात मी होतो. पुढच्या फेरीला त्या दहातून मला एकट्यालाच घेतलं बरं का! टेकू म्हणून का होईना.

आणि तिसरी फेरी म्हणजे घरचा अभ्यास. उन्हाळ्याच्या सुट्टीत तक्रारी दुप्पट होतात, तेव्हा फोनवरच्या लोकांना काय शिकवाल, लिहून आणा. इथं मात्र मी पेटलो. शंभर पानी वही संपवली. बायको म्हणाली, अहो, थोडं हातचं राखून ठेवा, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, तुला काय कळतंय, इथं मूठ उघडल्याशिवाय नोकरी हातात येत नाही. सगळं लिहिलं. चिडलेल्या माणसाला सॉरी म्हणायचं नाही, तो आणखी चिडतो. त्या चार बोल्टांचं लिहिलं. पाइप गळतोय म्हणून फोन आला तर मशीनचा नंबर विचारत बसायचं नाही — कारण तो माणूस पाण्यात उभा असतो हो! फोन कानाला, पाय ओले, राग तिथून वर चढत असतो. त्याला म्हणायचं, आधी पाणी पुसून घ्या, मी लाइनवरच थांबलोय, पाय कोरडे झाले की सांगा. बस् एवढंच. पुसता पुसता निम्मा राग उतरतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, मॅडम, हे मी चुका करून करून —

हं? हो, त्याचं उत्तर आलं. छान आहे म्हणाले. एवढंच. छान आहे, कळवू.

आणि चौथी फेरी तर ऐकाच. थेट मोठे साहेब! पडद्यावर. ते कुठल्यातरी दुसऱ्या शहरात, मी इथं मागच्या त्या छोट्या खोलीत. नमस्कार झाला, त्यांनी विचारलं, कठीण ग्राहकाचा एखादा अनुभव सांगा. मी आपलं चालणारं मशीन काढलं. हळूहळू रंग भरत गेलो. साहेबांचा एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड किंचित उघडं, आणि हालचाल शून्य. मी म्हटलं, वा, काय तन्मयता! मग वाटलं, नाही, ही परीक्षा. समोरचा काहीच बोलत नाही तेव्हा माणूस घाबरतो का, ते बघतायत. आपण घाबरणारे नाही. मी मशीन रस्त्यावर काढलं. चौकात नेलं. पोलिसानं शिट्टी मारली. साहेब ढिम्म. शेवटी मी ते मशीन बसमध्ये चढवणार, एवढ्यात दार उघडून पाणीवाला आत आला आणि म्हणाला, सर, तुमचं कनेक्शन कधीच गेलंय, ते चित्र अडकलंय. म्हणजे मी त्या चित्राला... जाऊ द्या. पण बाहेर आलो तर ती हसऱ्या चेहऱ्याची मॅडम आहे ना, भरती बघते ती, तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, आमच्या कुटुंबात स्वागत आहे तुमचं.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय? कुटुंबात स्वागत म्हटल्यावर माणसानं काय समजायचं? सून घरात आली की म्हणतात ना तसं? मी तसंच समजलो. घरी जाऊन सांगितलं — लागली!

नाही, खोटं नाही हो. त्या दिवशी खरंच होतं ते. मग तीन-चार दिवसांनी निरोप आला, अजून एक छोटी फेरी आहे, काही तयारी नको, फक्त गप्पा मारायला या. तोवर घरी पुष्कळ पुढे गेलं होतं. म्हणजे बायकोनं विचारलं, बसायची जागा कशी आहे? तर म्हटलं, खिडकीशी. मग खिडकी आली म्हणजे बाहेर झाड आलं. झाड आलं म्हणजे घरटं आलंच. साहेब कसे आहेत, तर टकले आहेत पण मायाळू. मला टेबल दाखवायला नेलं तेव्हा साहेब संत्रं सोलत होते, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. अहो, त्या दोघी इतक्या मन लावून ऐकत होत्या! रोज जेवताना विचारणार — मग, आणि काय म्हणाले तुमचे साहेब? ऐकणारं असं माणूस भेटलं की माझी जीभ... उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

दोघी म्हणजे बायको आणि मुलगी. मुलगी पार्सलच्या गोदामात आहे. दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावते. संध्याकाळी घरी आली की बोटं एकमेकांना चिकटलेली असतात, आणि तिथं बाथरूमला जायचं तरी मुकादमाला विचारावं लागतं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. मिळालंही होतं कॉलेज, तर तेव्हाच माझं... ते दोन नंबरचं बटण आलं. म्हणाली, बाबा, वर्षभर थांबते. कॉलेजनं जागा राखून ठेवली, वर्षभरच. ते आता संपतंय. आणि परवा जेवताना म्हणाली, बाबांचं झालंय ना, मग मी आता राजीनामा देऊन टाकते. आज. आज जेवणाच्या सुट्टीत देणार. मी म्हटलं, दे की! आणि वर तिला ते घरटं सांगितलं परत. पिल्लं झाली म्हणून.

असं बघू नका माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीला वेळ आहे अजून. आणि फक्त गप्पा आहेत आत. गप्पांत मी हरलोय कधी? बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं म्हणतात. तुम्ही नुसतं आत एवढं सांगा, की माणूस सरळ बसला होता —

एक मिनिट हं.

ऐकलंत? त्या काचेपलीकडे, ती हेडफोन लावलेली मुलगी. नाही, ती निळ्या कपड्यातली. ऐका. ‘आधी पाणी पुसून घ्या, मी लाइनवरच थांबलेय.’ अहो! हे माझं आहे! हे मी लिहिलेलं! बघा, बघा, आता म्हणेल — ‘पाय कोरडे झाले की सांगा.’ म्हणाली! वा गं पोरी! काय गोड म्हणाली, माझ्यापेक्षा छान म्हणाली. पलीकडचा पण तेच म्हणतोय, ऐका, मागच्या बाजूला चार बोल्ट आहेत का बघा. बघितलंत, मॅडम? हे म्हणजे मी अजून रुजूही झालो नाही आणि माझं काम सुरू! आहे की नाही? आख्खी रांग माझंच बोलतेय. माझी वही छापून त्यांच्या समोर लावलीय, ते बघा, प्रत्येकाच्या टेबलावर —

हं.

प्रत्येकाच्या टेबलावर आहे, नाही का.

मग मी कशाला?

नाही, तुम्ही काही बोलू नका. मी बोलतो. म्हणजे विचार करतो, माझा विचार तोंडानंच होतो. समजा तुम्हाला विहीर हवीय. पाणाड्यानं जागा दाखवली, पाणी लागलं. मग पाणाड्याला तुम्ही घरात ठेवून घेता का? चहा पाजता आणि म्हणता, छान आहे, कळवू. आणि तरी पाचव्यांदा बोलावतात, ते का? फक्त गप्पा. म्हणजे अजून काही उरलंय का खाली, ते बघायला. अरेरे. आणि मी प्लास्टिकला पाणी घालत बसलोय.

काय म्हणतेय ती तुम्हाला? काउंटरवरची? ‘तिसऱ्या फेरीचा घरचा अभ्यास आणलाय का’ — तुम्हाला विचारतेय? म्हणजे तुम्ही... ते पिशवीत तुमचे कागद... म्हणजे तुम्ही खरंच कंपनीच्या नाही!

अहो ताई! मग मघापासून बोलला का नाहीत? हो, नाही म्हणालात, पण जोरात म्हणायचं ना! मी एवढा वेळ पाठ सरळ करून बसलोय, कंबर गेली माझी. कशाबद्दल लिहिलंय तुम्ही? हिवाळ्यातल्या तक्रारी? म्हणजे उन्हाळा माझा, हिवाळा तुमचा, पावसाळ्याचा कुणीतरी उद्या येईल. वर्ष पुरं होईल, आणि खुर्ची मोकळीच. ते कागद द्या की नका देऊ, तुमचं तुम्ही बघा, तुमच्या घरी काय आहे मला काय ठाऊक. माझं बोलणं मनावर घेऊ नका, माझं कुणीच घेत नाही. फक्त मला जरा फोन करू द्या. जेवणाच्या सुट्टीआधी. नाही, इथंच करतो, बाहेर गेलो तर करणार नाही.

वाजतोय.

हॅलो. हां, बाबा बोलतोय. अगं काही नाही झालं, सगळे ठीक आहेत. कुठे आहेस? मुकादमाच्या केबिनपाशी का? नाही ना? हे बघ, ऐक — आज इथं काय झालं माहितीये, कंपनीत एकदम — म्हणजे आमच्या त्या साहेबांना अचानक परदेशी — नाही. थांब. नाही, काही नाही झालं त्यांना. तसे साहेबच नाहीत. बाळा, मला नोकरी लागलेली नाही. हो. आधीपासूनच. खिडकी पण नाही. झाड आहे, पण... तेही तसंच. म्हणून म्हणतो तो राजीनामा आज देऊ नकोस. ऐकतेस ना? हव्या तर शिव्या दे.

काय?

सकाळीच दिलास?

अगं पण माझ्या भरवशावर — मग कुणाच्या? ...माहीत होतं? कधीपासून? ...आईलाही? मग रोज जेवताना काय विचारायच्या तुम्ही दोघी, साहेब काय म्हणाले, साहेब काय म्हणाले! ...संत्र्यावरून? संत्रं सोलून देणारा साहेब जगात नसतो म्हणून? असू शकतो, असं काही नाही... बरं. बरं, नसतो. आणि फीचं? ...कुठल्या दवाखान्यात? कुत्री धुवायची? संध्याकाळी? आणि आई कशाला — कुठे लागली आई? शाळेच्या ऑफिसात? कधी? मला कुणी... किती फेऱ्या झाल्या? एकच? काय विचारलं? ‘सोमवारपासून याल का.’ एवढंच. मग काय म्हणाली? ‘येईन.’

हं. नाही, रडत नाहीये. इथं जवळ एक ताई बसल्यात, त्यांना विचार. जेवायला येतो. नाही, काही आणत नाही. ठेव.

ऐकलंत ना ताई? म्हणजे घरात सगळ्यांची सोय झालीय. मला सांगायचं राहिलं होतं, कारण मी बोलत होतो. वाईट वाटू नये म्हणून गप्प बसल्या म्हणे. आणि मी समजत होतो मी त्यांना — मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तसं. बशीत दूध घालणारीही त्याच आणि न बघितल्यासारखं करणारीही त्याच. आता हसा, आता हसायला हरकत नाही. मला त्या यंत्राला हसून दाखवता आलं नव्हतं, आता बघा कसं आपोआप —

आली. ती हसऱ्या चेहऱ्याची.

नमस्कार, नमस्कार मॅडम. ...हो, आलोय केव्हाचा. ...साहेब अडकलेत? हरकत नाही, साहेब अडकतातच. ...तोवर? तोवर आत जाऊन त्या मुलांना? जरा अनुभवाच्या चार गोष्टी, ते चालणारं मशीन वगैरे? तुम्ही त्याचं रेकॉर्डिंग करणार? अच्छा, अच्छा.

काय आहे मॅडम, मला गोष्टीबिष्टी येत नाहीत. कुणीतरी चुकीचं सांगितलं तुम्हाला. मी मुळात अबोल माणूस. लहानपणी तर घरच्यांना वाटायचं, मुका आहे. आता हेच बघा, आल्यापासून इथं बसलोय, एक शब्द तोंडातून काढलेला नाही. विचारा यांना.

सांगा ना ताई.